दुसरी चिठ्ठी

दोन्ही चिठ्ठ्यांवर मी एकच लिहिलं होतं. झालं सांगून. आता ज्याला जे म्हणायचं ते म्हणा. विनिता पुराणिकने म्हणून घेतलंय आणि तिच्याइतकं वाईट तुमच्याच्याने म्हणवणार नाही.

मी सिंधू वझलवार. माहेर नागपूर, मुक्काम अवधपुरी, भोपाळ. आमचे हे, शांताराम, इथल्या मोठ्या कारखान्यात पस्तीस वर्षं वेल्डर होते. मी आमच्या मराठी मंडळाची सव्वीस वर्षं सेक्रेटरी होते. ‘होते’ म्हणतेय, लक्षात घ्या. मला राग पटकन येतो आणि आलेला लवकर जात नाही, हे सगळी अवधपुरी जाणते.

आमच्या मंडळात एक मेला, म्हणजे महाराष्ट्र दिनाला, वादविवाद असतो. विषय आठ दिवस आधी सांगायचा. बोलणारे दोघं. कोणी कुठल्या बाजूने बोलायचं ते मात्र दहा मिनिटं आधी चिठ्ठीवर ठरतं. ही पद्धत मीच पाडली. त्याआधी लोक आपापल्या पक्षाच्या बाजूने बोलायचे आणि पुढे वर्षभर एकमेकांच्या घरचं हळदीकुंकू टाळायचे. चिठ्ठी आल्यापासून कसं, बोललेलं कोणी मनावर घ्यायचं नाही. बाजू चिठ्ठीची, तोंड आपलं.

चिठ्ठी काढतो मागच्या वर्षी हरलेला. उरलेली बाजू आपोआप दुसऱ्याची, म्हणून उरलेली चिठ्ठी उघडत नाहीत. ती पाकिटात घालून, चिकटवून, वर दोन सह्या करून वर्षभर मंडळाच्या डब्यात ठेवायची. कोणाला शंका असेल तर त्याने लेखी अर्ज द्यावा आणि पाकीट उघडून बघावं. हाही नियम माझाच. मागे एकदा कोणीतरी उरलेली चिठ्ठी उघडताना बदलली असा बोभाटा झाला होता, तेव्हा केलेला. सव्वीस वर्षांत एकही अर्ज आला नाही.

मागच्या वर्षी हरलेला म्हणजे आमचा चिन्मय. त्याच्या आदल्या वर्षीही तोच. चार वर्षं लागोपाठ. आणि जिंकणारी चारही वर्षं विनिताची स्वरदा. विनिता मंडळाची खजिनदार, नाकाने कांदे सोलणारी बाई. दर वर्षी कप घरी नेताना मला म्हणायची, “चिन्मय छान बोलतो हं, फक्त थोडा घाबरतो.” चार वर्षं मी हे ऐकून घेतलं. मी!

बरं, चिन्मय चौतीस वर्षांचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा. बापाला ट्रेनिंग संपल्या दिवशी कारखान्याने नोकरी आणि क्वार्टर दोन्ही दिलं होतं. मुलाला त्याच कारखान्याच्या गेटवर ठेकेदाराचा माणूस ‘कल आना’ म्हणून परत पाठवायचा. तीन वर्षं कुणाच्या कोचिंगमध्ये शिकव, कुणाची पार्सलं पोचव, असं केलं पोराने. मग मागच्या पावसाळ्यानंतर पाइपलाइनवर लागला. तेलाची लाइन, मिसरोदच्या मागून मंडीदीपच्या पुढच्या डेपोपर्यंत जाणार. नकाशा घेऊन वस्त्यावस्त्यांत फिरायचं आणि लाइन कुठून जाणार ते लोकांना दाखवायचं, हे त्याचं काम. लोक शिव्या घालत. एकीने तर अंगावर बादलीभर पाणी ओतलं. भोपाळमध्ये कारखान्याची नळी म्हटलं की म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत काय येतं ते मी सांगायला नको. पण चिन्मय शांतपणे जायचा. एक जूनला त्याला पक्कं करणार होते. आमच्या घरात तेवढं एकच वाक्य होतं, ‘एक जूनला’. मुलगी बघायची तीही एक जूननंतर.

या वर्षी विषय मंडळाच्या पोरांनी ठरवला : ‘रोजगार कुठे आहे, पाइपलाइनमध्ये की सूर्यामध्ये?’ चार महिने सगळीकडे हाच तमाशा चालला होता. एक पार्षद, म्हणजे इथला नगरसेवक, म्हणे पाइपलाइन आली की घराघरात नोकरी. दुसरा म्हणे घराघरात स्फोट, आम्हाला सोलर पाहिजे. मिसरोदला संघर्ष समिती निघाली. भाजीवाल्याशी भाव करायला जा, तोही विचारी, “आंटी, आप किस तरफ?” आणि गंमत बघा, स्वरदा मंडीदीपला सोलर पॅनलच्या कारखान्यात सुपरवायझर!

आता तुम्हीच सांगा. तीन परीक्षक, तिघांच्याही गच्चीवर पॅनल. समोर बसलेले निम्मे मिसरोदचे, पाइपलाइनचं नाव काढलं की चप्पल काढणारे. पाइपलाइनच्या बाजूने बोलणारा त्या दिवशी जिंकणं शक्यच नव्हतं. म्हणून मी दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘सूर्य’ लिहिलं. चिन्मय आधी काढणार, त्याला ‘सूर्य’ येणार, स्वरदाला आपोआप पाइपलाइन. उरलेली चिठ्ठी पाकिटासकट घरी आणून गॅसवर जाळायची. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय! लाज वाटते का म्हणाल, तर आज वाटते. त्या दिवशी नाही वाटली.

चिठ्ठी उघडली तेव्हा चिन्मयचा चेहरा पडला. मला वाटलं, नेहमीसारखा घाबरलाय. पण तो उभा राहिला आणि बाई गं, काय बोलला! हातात कागद नाही. म्हणाला, “मी स्वतः या पाइपलाइनवर काम करतो. खोदायला चारशे माणसं लागतील, चौदा महिने. लाइन जमिनीत गेली की नोकऱ्या उरतील अकरा. मी तक्ता पाहिलाय. त्या अकरांत मिसरोदचं एकही नाव नाही.” मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात.

स्वरदाही वाईट बोलली नाही, खोटं कशाला बोलू. म्हणाली, “सूर्य कोणाला पगार देत नाही. ऑर्डर संपली तेव्हा मार्चमध्ये आमच्या कारखान्यातली साठ माणसं घरी गेली, त्यांचे हजेरीचे कागद मी स्वतः फाडले.” पण ते कोणाला ऐकायचं होतं? कप चिन्मयला मिळाला. फोटो काढताना त्याने तो दोन्ही हातांनी धरला होता. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. तेवढ्यात विनिताने पाकीट उचलून पर्समध्ये टाकलं. “डब्याची किल्ली माझ्याकडेच आहे, मी ठेवते,” म्हणाली. मी हात पुढे केला तोवर ती पन्ह्याच्या टेबलाकडे पोचली होती.

मी म्हटलं, जाऊ दे. सव्वीस वर्षांत कोणी मागितलं नाही, आता कोण मागतंय?

करायला गेले गणपती, झाला मारुती. शेजारच्या पिंकीने सगळं मोबाइलवर घेतलं होतं आणि मोठ्या कौतुकाने टाकलं होतं. संघर्ष समितीने त्यातली चिन्मयची तेवढी चार वाक्यं कापली, खाली हिंदीत लिहिलं, वर लाल अक्षरांत ‘कंपनी के आदमी ने खोली पोल’. तीन तारखेपर्यंत अख्ख्या होशंगाबाद रोडवर ते फिरत होतं. स्वरदाची साठ माणसं कोणी कापली नाहीत. ती कोणाच्याच कामाची नव्हती.

चार तारखेला सकाळी चिन्मयच्या साहेबांचा फोन आला. शैलेंद्र दुबे नाव. चिन्मयने फोन स्पीकरवर ठेवला.

“चिन्मय, ये क्या कर दिया भाई? परसों जनसुनवाई है और अपना ही आदमी उनका गवाह बन गया?”

“सर, वो डिबेट थी. साइड चिट्ठी से मिलती है. मेरी राय नहीं थी.”

“तो सबूत लाओ. चिट्ठी, मंडल का लेटर, जो भी हो. कल शाम तक. ऊपर दिखाऊँगा. वरना मेरे हाथ में कुछ नहीं है.”

फोन ठेवला आणि चिन्मय हसला. चार दिवसांत पहिल्यांदा. “आई, तुझा नियम! उरलेली चिठ्ठी आहे ना पाकिटात. माझी ‘सूर्य’, ती ‘पाइपलाइन’. दोन्ही समोर ठेवली की विषयच संपला. चल, पुराणिकांकडे जाऊ.”

मी म्हटलं, “मंडळाचं पत्र देते ना मी. लेटरहेड आहे घरात. चिठ्ठी कशाला पाहिजे?”

“पत्र काय, आईने दिलंय म्हणतील.”

“विनिता पाकीट देणार नाही.”

“मी लेखी अर्ज देतो. नियमच आहे तसा.” आणि बसून लिहायलासुद्धा लागला मेला. सुरेख अक्षरात. शांताराम सोफ्यावर पेपर वाचत होते. त्यांनी पेपराच्या वरून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पेपर वर केला. चाळीस वर्षांचा संसार आहे, त्यांना तेवढ्यात कळलं.

पुराणिकांचं घर दोन गल्ल्या सोडून. रस्ताभर मी सांगेन सांगेन म्हणत होते. दोन गल्ल्या संपायला कितीसा वेळ लागतो?

विनिताने दार उघडलं, अर्ज वाचला आणि ओठ मुडपले. “हरलेल्यांनी अर्ज द्यायचा असतो, सिंधूताई. जिंकलेल्यांनी कशाला?”

चिन्मयने सगळं सांगितलं. स्वरदा आतून आली, ती म्हणाली, “अगं आई, दे ना. नोकरीचा प्रश्न आहे त्याच्या.” विनिताने कपाटातून डबा आणला. मी म्हटलं, “थांबा, कार्यकारिणी बोलवायला हवी. असं दोघातिघांत उघडता येत नाही.”

“नियमात तसं काही नाही,” विनिता म्हणाली. “तुम्हीच लिहिलाय नियम.” आणि तिने पाकीट फाडलं.

चिठ्ठी उलगडली. एकदा वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग ती टेबलावर ठेवली आणि बोटाने चिन्मयकडे सरकवली.

चिन्मयने खिशातली स्वतःची चिठ्ठी काढून तिच्या शेजारी ठेवली. सूर्य. सूर्य. माझंच अक्षर, शाळेच्या फळ्यावर काढतात तसं ठसठशीत.

“वा!” विनिता म्हणाली. “वा वा वा! म्हणजे माझ्या मुलीचं हरणं तुम्ही घरून लिहून आणलं होतं. आणि सव्वीस वर्षं आम्हाला नियम शिकवता? चोर आहात तुम्ही, सिंधूताई. सरळ सांगते, चोर. कपाच्या चोर! मला वाटायचं ही बाई फटकळ आहे पण स्वच्छ आहे. थू!” खरंच थू म्हणाली. स्वतःच्या ड्रॉइंगरूममध्ये.

मी म्हणाले, “चार वर्षं माझ्या मुलाला घाबरट म्हणत होतात तुम्ही!” काय पण उत्तर! पण तेवढंच सुचलं.

चिन्मय ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्याला कसं उत्तर द्यायचं ते मला येतं. तो चिठ्ठ्यांकडे बघत म्हणाला, “मी पाइपलाइनची बाजू तयार केली होती, आई. आठ दिवस. रोज स्कूटरवर म्हणायचो. मला तीच यायला हवी होती.”

“अरे, तू हरला असतास त्या बाजूने!”

“हो का?” तो म्हणाला. “मला वाटलं होतं मी जिंकलो.”

आणि निघून गेला. अर्ध्या तासाने तोच कप आणून विनिताच्या दारात ठेवून आला, हे मला पिंकीने सांगितलं.

घरी आले. शांताराम म्हणाले, “हात दाखवून अवलक्षण.” मी म्हटलं, “तुम्ही गप्प बसा, सकाळी कळलं होतं तेव्हा बोलायचं होतं.” मग मी स्वयंपाकघराचं दार लावून रडले. रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. अरे, दोन्ही चिठ्ठ्या सारख्या, म्हणजे तर पोराच्या हातात काहीच नव्हतं! याहून मोठा पुरावा कोणता? फक्त तो द्यायला मला चार लोकांत उभं राहून ‘मी लबाडी केली’ म्हणावं लागणार होतं. म्हणू. नाक गेलं तर गेलं, नोकरी राहील.

मी लेटरहेडवर सगळं खरं खरं लिहिलं, हिंदीत, सही केली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत दुबेसाहेबांच्या ऑफिसात नेऊन दिलं. त्यांनी वाचलं, माझ्याकडे वर बघितलं आणि पुन्हा वाचलं. “माताजी,” म्हणाले, “ये आप कल सबके सामने बोल देंगी? तो लड़का बच जाएगा.” मी म्हटलं, बोलेन.

जनसुनावणी मिसरोदच्या एका मंगल कार्यालयात होती. सकाळी अकराला आत भट्टी. एका बाजूला समितीवाले घोषणा देत होते, दुसऱ्या बाजूला ठेकेदाराने ट्रकातून आणलेली माणसं बसली होती, मध्ये पोलीस. दोन्ही पार्षद एकमेकांचा बाप काढत होते. समितीने मोठ्या स्पीकरवर चिन्मयची चार वाक्यं लावली. तो कंपनीच्या लोकांमध्ये गळ्यात आयकार्ड घालून बसला होता. परवापासून माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता.

मी उठले आणि माइक घेतला. मंचावरचे अधिकारी म्हणाले, “आप कौन?”

“मैं उसकी माँ,” मी म्हटलं. माझी हिंदी अशीच. “वो चिट्ठी मैंने लिखी थी. दोनों पे एक ही लिखा था. मेरे लड़के को जिताने के वास्ते. उसको मालूम नहीं था. तो वो जो बोला वो उसकी राय नहीं है. गलती मेरी है.”

मग मागून कोणीतरी ओरडलं, “कितने में बिकी, अम्मा?” आणि सगळा हॉल फुटला. “चोरनी!” “कंपनी की दलाल!” कोणाची तरी पाण्याची बाटली माझ्या पायाशी येऊन पडली. मंडळाचे दहाबाराजण भिंतीला टेकून उभे होते, त्यांच्यात विनिता, हाताची घडी घालून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण दुबेसाहेबांनी मान हलवली. झालं, म्हटलं. वाचला माझा चिन्मय.

तेवढ्यात मंचावरच्या त्या शहाण्याने चिन्मयला विचारलं, “ठीक है, चिट्ठी आपकी माँ की थी. तो आपकी अपनी राय क्या है?”

काय गरज होती? सांगा ना, काय गरज होती विचारायची?

चिन्मय उभा राहिला. माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी सांगितलं, म्हण, नोकऱ्या मिळणार म्हण, खाली बस. आठ दिवस पाठ केलंयस ना तू!

तो म्हणाला, “चिट्ठी माँ की थी. बात मेरी थी.”

दुबेसाहेब खुर्चीतून अर्धे उठले.

“तयारी मी दुसऱ्या बाजूची केली होती,” तो हिंदीत सांगत होता, आवाज न चढवता. “चिठ्ठी निघाली तेव्हा माझ्याकडे दहा मिनिटं होती आणि पाठ केलेलं काही नव्हतं. मग जे मला माहीत होतं ते बोललो. नोकऱ्या अकराच आहेत. त्यातली एक माझी होणार होती.” समितीवाले नाचायला लागले. तो त्यांच्याकडे वळला. “तुम्ही टाळ्या वाजवू नका. माझ्यासमोर बोललेल्या मुलीने सांगितलं होतं, सोलरच्या कारखान्यातून साठ माणसं घरी गेली. तेही खरंच होतं. ते का नाही कापून फिरवलंत तुम्ही?” मग त्यालाही शिव्या बसल्या. दोन्हीकडून. त्याने आयकार्ड गळ्यातून काढलं, दोरी नीट गुंडाळली आणि दुबेसाहेबांच्या समोर ठेवलं.

मी बाहेर धावले. ऊन असं की डोळे उघडवेनात. तो स्कूटरची किल्ली शोधत होता.

“मूर्खा!” मी ओरडले. “गाढवा! भर सभेत चोर म्हणवून घेतलं मी, ते कशासाठी? एक शब्द खोटा बोलला असतास तर काय झिजला असतास?”

“तू सगळ्यांना सांगत होतीस की ते माझं नव्हतं,” तो म्हणाला. “माझ्याकडे तेवढंच होतं, आई.”

माझ्या मागे चपलांचा आवाज आला. विनिता होती, घामाने निथळत. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलेल. कसलं काय!

“कप परत मिळणार नाही हं, सिंधूताई,” ती म्हणाली. “नियम म्हणजे नियम. आणि राजीनामा आजच पाठवा.”

“ठेवा तुमच्या उशाशी!” मी म्हटलं. “माझा मुलगा तुमच्या कपासाठी बोलत नाही.”

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मग माझ्या लक्षात आलं. पाच वर्षं तो कशासाठी बोलतो, हे मी त्याला विचारलंच नव्हतं. कुठल्या बाजूने बोलायचंय, तेही नाही. चिठ्ठ्या लिहिताना पेन हातात होतं आणि पोरगा बाजूच्या खोलीत होता.

चिन्मयने स्कूटर वळवून माझ्यासमोर आणली. “बस मागे,” म्हणाला.

मी बसले. एक जूनला सव्वीस दिवस होते.